वळलेल्या कडांची मॅट जमिनीला सपाट कशी बसवावी

नवी मॅट घरी येते ती नळीसारखी गुंडाळलेली असते. दारात अंथरली की तिची दोन्ही टोके वर उचललेली राहतात, दार उघडताना खालच्या फटीत अडकतात आणि चपला काढणाऱ्याचा पाय नेमका त्याच कडेत अडखळतो. मग रात्री कडांवर पाटा, तांदळाचा डबा किंवा जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला जातो. सकाळी मॅट सपाट दिसते, दुपारपर्यंत कड पुन्हा वर येते, आणि दोन-तीन रात्री असे घडल्यावर घरातले सगळे मिळून मालालाच नावे ठेवतात.

वजन ठेवण्यात चूक नाही. ते फार लवकर ठेवले जाते आणि फार लवकर उचलले जाते. मॅट थंड असताना तिच्या पाठीचा रबरी किंवा प्लास्टिकचा थर कडक असतो, त्यामुळे वजनाखाली तो फक्त दबून राहतो आणि वजन हलताच मूळ वाकावर परततो. तोच थर आधी कोमट करून, विरुद्ध दिशेने वाकवून, मग सपाट दाबून पूर्ण निवेपर्यंत तसाच ठेवला, तर नवा आकार धरतो. पुढील सर्व टप्पे या एका गोष्टीसाठी आहेत, आणि त्यांचा क्रम बदलला तर मेहनत वाया जाते.

कामाला प्रत्यक्ष हात लागतो तो तास-दीड तासच, परंतु मॅट दोन ते तीन दिवस वापरातून बाजूला ठेवावी लागते. म्हणून सण किंवा पाहुणे तोंडावर आले असताना हे काम काढू नये. साहित्य घरातलेच पुरते: मऊ ब्रश, सौम्य साबण, दोन-तीन कोरडी सुती फडकी, एक लोड किंवा जाड पुठ्ठ्याची रुंद नळी, जुन्या साडीच्या चार पट्ट्या, मॅटच्या कडेइतक्या लांबीच्या दोन सपाट फळ्या, वजने, फूटपट्टी, आणि ऊन नसेल तर हेअर ड्रायर.

टप्पा १ : कड का वळली आहे ते पाहणे

मॅट सपाट फरशीवर अंथरून, गुडघ्यावर बसून तिच्याकडे बाजूने पाहावे. वरून पाहिल्यास काहीच नीट कळत नाही.

केवळ समोरासमोरची दोन टोके उचललेली असतील आणि उरलेल्या दोन बाजू जमिनीला टेकलेल्या असतील, तर तो गुंडाळीचा वाक आहे. मॅट ज्या दिशेने गुंडाळली होती ती दिशा तिने धरून ठेवली आहे. हा सर्वांत सोपा प्रकार आहे आणि खाली दिलेला संपूर्ण क्रम मुख्यतः त्याच्यासाठीच आहे.

चारही कोपरे वर आले असतील, तर बहुधा वरचा थर खालच्या थरापेक्षा अधिक आखडला आहे. सुती किंवा तत्सम धाग्याची, रबरी पाठीची मॅट गरम पाण्यात धुतली किंवा यंत्रात तापवून वाळवली की असे घडते. याउलट कडा जमिनीला टेकलेल्या आणि मधोमध फुगवटा आला असेल, तर पाठीचा थर आखडला आहे. दोन थर एकमेकांना चिकटलेले असताना त्यांपैकी जो लहान होतो त्याच्या बाजूला मॅट वळते, एवढे लक्षात ठेवले तर कोणत्या थराने दगा दिला हे लगेच ओळखता येते. आखडलेला थर पुन्हा पूर्ण ताणला जाईलच असे नाही, म्हणून या प्रकारात अपेक्षा बेताची ठेवावी.

तिसऱ्या प्रकारात मॅट सपाट असते, पण तिची कड लाटेसारखी वरखाली झालेली असते. येथे दोष कडेला शिवलेल्या गोटाचा असतो. गोट आखडला की मॅटची कड चुणीसारखी गोळा होते. त्यावर कितीही वजन ठेवले तरी चुण्या दाबल्या जातात, जात नाहीत. या प्रकारासाठी थेट सतरंजीच्या परिच्छेदाकडे जावे.

तपासणी: एकच कड किंवा कोपरा उचललेला असेल, तर मॅट आहे त्याच जागी अर्धा फेरा फिरवावी. पूर्वी जी कड भिंतीकडे होती ती आता दाराकडे येईल. तरीही खोलीतल्या त्याच ठिकाणी मॅट उचललेली दिसली, तर दोष मॅटचा नसून फरशीचा आहे. जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत एखादी लादी शेजारच्या लादीपेक्षा किंचित वर असते आणि पातळ मॅट तिथे कायम तरंगते. तशा वेळी मॅटची जागा वीतभर सरकवणे हाच उपाय आहे.

आता फूटपट्टी उभी धरून सर्वांत उंच कडेची उंची मोजावी आणि लिहून ठेवावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण दोन दिवसांनी ‘फरक पडला की नाही’ यावर घरात वाद होऊ द्यायचा नसेल तर आकडा हाताशी असलेला बरा.

टप्पा २ : मॅट कशाची आहे ते ओळखणे

मॅट उलटी करून पाठ पाहावी. पाठ गुळगुळीत, चकचकीत आणि थोडी कडक असेल, तर ती बहुधा पीव्हीसीची असते. काथ्याच्या पायपुसण्यांना बहुधा अशीच पाठ असते. पाठ मऊ, निस्तेज आणि बोटाला ओढ देणारी असेल, तर ती रबराची आहे. न्हाणीघरापुढच्या सुती मॅटला पाठीवर दुधाळ रंगाचा पातळ थर किंवा ठिपके असतात. तो लॅटेक्सचा मुलामा असतो आणि उष्णतेला सर्वांत नाजूक तोच. हातात घेताच फुलासारखी हलकी वाटणारी, बोटाने दाबल्यावर खड्डा पडून हळूहळू भरून येणारी मॅट बहुधा ईव्हीए फोमची असते.

कापडी लेबल शिल्लक असेल तर त्यावरील इस्त्रीचे चिन्ह पाहावे. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन ठिपके म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंशांपर्यंत. इस्त्रीवर फुली असेल, तर त्या मॅटजवळ इस्त्री नेण्याचा विचारही सोडून द्यावा.

इशारा: साहित्य ओळखण्यासाठी कडेचा धागा जाळून पाहण्याची पद्धत काही जण सांगतात. पीव्हीसी जळताना आरोग्याला अपायकारक, झोंबणारा धूर सोडते. ती पद्धत वापरू नये; ओळख पटली नाही तर मॅट सर्वांत नाजूक प्रकारची आहे असे धरून केवळ कोमट उबेवर काम करावे.

टप्पा ३ : स्वच्छ करणे आणि पूर्ण वाळवणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. पाठीला चिकटलेली वाळू आणि माती वजनाखाली रबरात रुतते, फरशीवर चरे पाडते आणि पुढे मॅट घसरायला कारणीभूत होते. मॅट आधी झटकावी, मग दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवावा, आणि पाठ सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसावी. संपूर्ण मॅट बादलीत बुडवण्याची गरज नाही. रॉकेल, थिनर किंवा तेलकट पॉलिश रबराला लावू नये. रबर तेल शोषून फुगते आणि मऊ पडते.

वाळवताना मॅट दोरीवर टाकू नये. ओल्या मॅटचा भार दोरीवर येतो आणि मधोमध असा वाक पडतो की पुढे कडांपेक्षा त्याचाच त्रास अधिक होतो. कपडे वाळवण्याचा आडवा स्टँड असेल तर त्याच्या पाच-सहा दांड्यांवर, किंवा खाटेवर, मॅट सपाट पसरून सावलीत पंख्याखाली ठेवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जाड मॅट आतून वाळायला दोन दिवसही लागतात. वरून कोरडी लागली म्हणून घाई करू नये. आत ओल राहिली तर वजनाखाली ती कोंडते, कुबट वास येतो आणि वाळताना कड पुन्हा वळते.

तपासणी: मॅटखाली आणि मॅटवर वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवून त्यावर पाट ठेवावा. दहा मिनिटांनी कागद काढून पाहावा. तो कडकडीत असेल तर पुढे जावे. नरम पडला किंवा सुरकुतला असेल तर मॅट अजून ओली आहे.

याच वेळी पाठीवर अंगठा घासून पाहावा. अंगठ्याला पांढरी किंवा काळी भुकटी लागत असेल, किंवा कड किंचित वाकवताच भेगा दिसत असतील, तर रबराचे आयुष्य संपले आहे. अशी मॅट तापवली की तिचे तुकडे पडतात. ती येथेच बाद करावी.

टप्पा ४ : ऊब देणे

ऊब म्हणजे चटका नव्हे. मॅटची पाठ मनगटाच्या आतल्या बाजूला सुखाने सहन होईल इतपत कोमट झाली की पुरे. पीव्हीसी एवढ्या उबेत मऊ पडू लागते. रबर इतके लवकर ऐकत नाही, म्हणून त्याला तापमान वाढवून नव्हे तर पुढच्या टप्प्यांत वेळ वाढवून नमवायचे असते.

ऊन असेल तर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानचे घ्यावे. जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यावर मॅट उलटी, म्हणजे पाठ आकाशाकडे करून, वीस ते तीस मिनिटे ठेवावी. दर दहा मिनिटांनी हात लावून पाहावे. ऊन नसेल तर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून, पाठीपासून वीतभर अंतरावर, कडेच्या समांतर सतत हलवत न्यावा. एका जागी तो थांबू देऊ नये. केवळ वळलेला हातभर पट्टा कोमट करायचा असतो. सपाट असलेला मधला भाग तापवून काही मिळत नाही.

चादर अंथरण्याचा आग्रह मी एका अनुभवानंतर धरू लागलो. एप्रिलमधल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरातली मॅट गच्चीवर थेट जमिनीवर टाकून जेवायला खाली आलो. तासाभराने उचलायला गेलो तेव्हा तिची पाठ गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या रंगाला अशी धरून बसली होती की ओढताच रबराचा तळहाताएवढा पोपडा गच्चीवरच राहिला. आधी फक्त वळलेली असलेली मॅट त्या दिवशी भोक पडलेलीही झाली. उन्हाळ्यातल्या गच्चीची जमीन हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि अनवाणी पाय जिथे टेकवत नाही तिथे मॅटही टेकवू नये.

इशारा: पाठीवर थेट इस्त्री, गॅसच्या शेगडीची धग, तव्यावर तापवलेले फडके आणि उकळते पाणी, या चारही गोष्टी वर्ज्य आहेत. तापवताना प्लास्टिकचा उग्र वास आला किंवा पाठ चकाकू लागली तर लगेच थांबून मॅट सावलीत न्यावी.

टप्पा ५ : उलटी गुंडाळी

मॅट कोमट असतानाच हा टप्पा करायचा असतो, म्हणून लोड आणि साडीच्या पट्ट्या आधीपासून शेजारी ठेवाव्यात. मॅट ज्या बाजूला वळते त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला गुंडाळायची आहे. कडा वर येत असतील, तर मॅटची पाठ आत आणि चेहरा बाहेर येईल अशी गुंडाळी करावी.

लोड मॅटच्या एका वळलेल्या टोकावर, पाठीच्या बाजूने ठेवून मॅट त्याच्याभोवती सैलसर गुंडाळत न्यावी. आत पोकळ गुंडाळी केली तर दाब असमान पडतो आणि चपटी होऊन घडी पडते. लोडामुळे गोलाई राखली जाते. पुठ्ठ्याची नळी वापरायची तर ती किमान दहा सेंटीमीटर व्यासाची असावी, आणि काथ्यासारख्या कडक मॅटला तिच्याहून जाड लोडच लागतो. गुंडाळी झाल्यावर तीन-चार ठिकाणी साडीच्या रुंद पट्ट्यांनी बांधावी. सुतळी रुतते आणि तिचे वळ राहतात.

पीव्हीसीच्या पाठीला अर्धा तास आणि रबरी पाठीला दोन तास पुरतात. रात्रभर ठेवू नये. रात्रभर ठेवलेली मॅट सकाळी विरुद्ध दिशेने वळलेली सापडते आणि मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही टोके वळलेली असतील, तर अर्ध्या वेळेनंतर गुंडाळी सोडून दुसऱ्या टोकापासून पुन्हा गुंडाळावी, कारण आतल्या टोकाला वाक अधिक आणि बाहेरच्या टोकाला कमी मिळालेला असतो.

इशारा: थंडीच्या सकाळी मॅट कोमट न करता उलटी गुंडाळू नये. कडक पीव्हीसी अशा वेळी तडकते. तसेच घाईत केवळ कोपरे उलटे दुमडून दाबण्याचा मोह टाळावा. दुमडीची रेघ कायमची राहते.

टप्पा ६ : वजनाखाली ठेवणे

गुंडाळी सोडून मॅट लगेच सपाट फरशीवर अंथरावी. लोंबते धागे किंवा मऊ लव असलेली मॅट चेहरा वर ठेवून, आणि गुळगुळीत किंवा आखूड विणीची मॅट चेहरा खाली ठेवून दाबावी. लव असलेली मॅट पालथी दाबली तर कड सरळ होते, पण लव चेपून मॅट टक्कल पडल्यासारखी दिसते.

वजन थेट मॅटवर ठेवू नये; आधी फळी, मग वजन. फळीमुळे भार संपूर्ण कडेवर सारखा पसरतो. फळी मॅटच्या कडेच्या बाहेर दोन बोटे यायला हवी, कारण ती कडेच्या आत राहिली तर अगदी टोकाची बोटभर पट्टी मोकळी राहून पुन्हा वर वळते. ही एक चूक मी जितक्या घरांत पाहिली तितकी दुसरी कोणतीही पाहिली नाही. फळी नसेल तर सपाट तळाचे दोन पाट शेजारी लावून चालतात, मात्र त्यांच्यात फट ठेवू नये.

दोन बाय तीन फुटांच्या मॅटला प्रत्येक वळलेल्या कडेवर आठ ते दहा किलो वजन पुरते. दोन लिटरची पाण्याची बाटली म्हणजे साधारण दोन किलो, त्यामुळे एका कडेला अशा चार-पाच बाटल्या ओळीने ठेवल्या की हिशेब जुळतो. झाकणे मात्र घट्ट लावावीत. पुस्तकांचे गठ्ठे, धान्याचे डबे, फडक्यात गुंडाळलेला पाटा हेही चालतात. लोखंडी वजने वापरायची तर खाली कागद घालावा, नाहीतर दमट हवेत गंजाचे डाग पडतात. गॅसचा भरलेला सिलिंडर मात्र मॅटवर ठेवू नये. आत १४.२ किलो गॅस आणि वरून पोलादी टाकीचे तितकेच वजन, हा सगळा भार खालच्या अरुंद कड्यावर येतो आणि मॅटवर गोल ठसा उठतो, जो पुढे वर्षभर सिलिंडरची आठवण देतो.

यानंतर काहीही करायचे नाही. मॅट निवताना नवा आकार धरते, आणि नेमक्या याच काळात लोक वजन उचलून डोकावतात. हलक्या वाकाला चोवीस तास आणि जुन्या, कडक वाकाला अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास द्यावेत. या काळात त्या खोलीत ओला पोछा मॅटच्या कडेपर्यंत नेऊ नये, कारण पाणी फळीखाली शिरते.

तपासणी: मुदत संपल्यावर वजन उचलावे आणि एक तास मॅटला हात लावू नये. वजन काढताच मॅट सपाट असतेच, त्या क्षणाला अर्थ नाही. तासाभरानंतर फूटपट्टीने कडेची उंची मोजून आधीच्या आकड्याशी ताडून पाहावी. चार सेंटीमीटरची कड एकवर आली असेल तर पद्धत लागू पडत आहे. टप्पा ४ पासून पुन्हा एक फेरी करावी. आकडा जवळपास तितकाच राहिला असेल तर बहुधा ऊब कमी पडली आहे किंवा कारण ओळखण्यात चूक झाली आहे, आणि त्याच चुकीवर दुप्पट वजन ठेवून उपयोग नाही.

टप्पा ७ : जागेवर बसवणे

सपाट झालेली मॅट मोकळी टाकली तर चालताना सरकते, भिंतीला जाऊन भिडते आणि कड पुन्हा उभी राहते. म्हणून फरशी पुसून पूर्ण कोरडी करावी आणि मॅटखाली रबरी जाळी घालावी. जाळी मॅटपेक्षा चारही बाजूंनी दोन बोटे लहान कापावी, म्हणजे ती बाहेर डोकावत नाही आणि कडेला उंचवटाही देत नाही.

केवळ कोपरे त्रास देत असतील तर दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे पुरतात. पट्टी कोपऱ्याच्या अगदी टोकापर्यंत न्यावी. संगमरवरावर किंवा पॉलिश केलेल्या फरशीवर ती आधी एखाद्या न दिसणाऱ्या ठिकाणी दोन दिवस लावून पाहावी. उरलेला चिकटा काढायला लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये. संगमरवर, कोटा आणि शहाबादी हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांची चकाकी जाते. कोमट साबणपाणी आणि प्लास्टिकची पातळ पट्टी यांनी चिकटा हळूहळू निघतो. विनाइलच्या लादीवर काळ्या रबराची मॅट दीर्घकाळ ठेवल्यास पिवळट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, म्हणून तिथे रबरी पाठीची मॅट टाकूच नये.

दारातल्या मॅटसाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दार बंद करून खालच्या फटीत मॅटच्या जाडीइतका पुठ्ठा सरकवून पाहावा. तो अडला तर दार प्रत्येक वेळी मॅटची कड मागे लोटणार आणि आतापर्यंतचे सर्व कष्ट आठवड्यात धुऊन निघणार. अशा दारात पातळ मॅट तरी घ्यावी किंवा मॅट उंबऱ्याबाहेर ठेवावी.

ज्या मॅटना क्रमात बदल करावा लागतो

पाठ नसलेली, संपूर्ण विणलेली काथ्याची मॅट उबेने नव्हे तर ओलाव्याने नमते. तिच्या वळलेल्या कडेवर पाणी फवारून धागा दमट करावा, उलट्या दिशेने हाताने वाकवावे आणि पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे कोरड्या हवेत दोन दिवस, फळी-वजनाखाली ठेवावे. फळी आणि मॅट यांच्यात जुने सुती फडके घालून ते दोनदा बदलावे. तागाच्या मॅटलाही हीच पद्धत लागते, परंतु पाणी अगदी बेताने फवारावे, कारण तागावर पाण्याचे तपकिरी डाग पडतात.

सतरंजीला आणि गोट शिवलेल्या मॅटला आधी गोट तपासावा लागतो. कडेचा हातभर भाग दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावा. कापड सैल आणि गोट तंग लागत असेल, तर शिवण उसवून, कड ओल्या फडक्यावरून इस्त्रीने सपाट करून, गोट न ताणता पुन्हा शिवणे हाच खरा मार्ग आहे. उसवण्याआधी चुणी कुठे सुरू होते आणि कुठे संपते तिथे खडूने खुणा कराव्यात. अनेकदा चार-सहा इंचांतच सगळा दोष असतो आणि पूर्ण गोट काढण्याची गरज पडत नाही. गोट ठीक असून केवळ कोपरा वळला असेल, तर सुती सतरंजीवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री दाबावी, घासू नये, आणि वाफ जिरून कापड निवेपर्यंत त्यावर पाट ठेवावा.

पंगतीला किंवा अंगणात वापरायच्या प्लास्टिकच्या चटया बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या असतात. त्यांना इस्त्री चालत नाही; साधारण १६० अंशांना हे प्लास्टिक वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी आकसू लागते. सकाळच्या उन्हात कोमट करून, घड्या उलट दिशेने मोडून, गादीखाली दोन रात्री ठेवल्यास त्या बऱ्यापैकी सरळ होतात. घडीच्या रेघेवर पट्ट्या तुटलेल्या असतील तर ती रेघ जाणार नाही.

योगासनांच्या ईव्हीए फोमच्या मॅटला ऊन अजिबात दाखवू नये; ती आकसते, आणि आकसलेला फोम परत वाढत नाही. तिला ऊब न देता केवळ उलटी गुंडाळी आणि एक रात्र वजन पुरते.

तीन फेऱ्यांनंतरही कड राहिली तर

तिसऱ्या फेरीनंतर कड तीन-चार मिलिमीटरच उरली असेल, तर ती रोजच्या पावलांनी आणि चिकटपट्टीने बसते. एक सेंटीमीटरपेक्षा अधिक राहिली, तर थर आखडला आहे असे समजावे आणि चौथी फेरी करू नये. गोट नसलेली, एकसंध रबराची मॅट असेल तर वळलेली पट्टी पोलादी पट्टीला टेकवून धारदार कटरने कापून टाकता येते. विणलेली मॅट मात्र कापू नये. ती उसवत जाते. घरात वयस्कर माणूस किंवा रांगते मूल असेल, तर अशी मॅट जाण्यायेण्याच्या वाटेवरून काढून कपाटाच्या तळाशी किंवा बाल्कनीत कुंड्यांखाली घालावी.

मॅट पुढे कधी गुंडाळून ठेवायची वेळ आली, उदाहरणार्थ रंगकाम किंवा घरबदलाच्या वेळी, तर ती चेहरा बाहेर ठेवून, जुन्या चादरीच्या सुरळीवर सैल गुंडाळावी आणि उभी न ठेवता आडवी ठेवावी. अशा मॅटच्या कडा अंथरल्यावर वर न येता जमिनीकडे वळतात आणि मॅटच्या स्वतःच्या वजनाने दिवसभरात बसतात.